उन्हाळ्यातील क्षारमिश्रण : सर्व गावांना एकच माप नको

उन्हाळा चढू लागला की दुभत्या गाईचे दूध घटते, हे आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक पशुपालकास ठाऊक आहे. परंतु दोष केवळ उन्हाचा नव्हे. तापलेल्या दिवसांत गाय वैरण कमी खाते. त्यामुळे वैरणीतून मिळणारे क्षारही कमी पडतात. शिवाय घाम आणि गळणारी लाळ यांवाटे सोडियम व पालाश शरीराबाहेर जातात. प्रत्येक लिटर दुधाबरोबर सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम व १ ग्रॅम स्फुरद जाते, ते निराळेच. कॅल्शियम व स्फुरदाची तूट गाय काही काळ हाडांतून भरून काढते. पुढे मात्र ती वेळेवर माजावर येत नाही. आली तर उलटते. वेत लांबले म्हणजे लहान पशुपालकाचे वर्ष वाया गेले.

‘वाडवडिलांनी गाईंना कधी क्षार दिले?’ असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्या गाई दोन लिटर दूध देत आणि रानोमाळ चरत. आजची संकरित गाय दहा लिटर दूध देते व दावणीला कडबा आणि सोयाबीनचे कुटार खाते. सरकीच्या ढेपेत स्फुरद असते, पण कॅल्शियम अल्प. म्हणून मोठ्या गाईस दररोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणातून द्यावे. हे औषध नव्हे, आहारच होय.

तथापि सर्व गावांना एकच माप लावणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. घाटावर बुलडाणा, चिखलीकडे जेथे विहिरीचे पाणी गोडे आहे, तेथे मिश्रणासोबत सुमारे ३० ग्रॅम मीठ द्यावे. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील खारपाण पट्ट्यात ऊन अधिक आणि पाणीच खारट. तेथे वरून मीठ घालणे म्हणजे तहानेत भर टाकणे होय. अशा गावी मीठविरहित मिश्रण निवडावे व पाणी तपासून घ्यावे. प्रति लिटर ७ ग्रॅमपेक्षा अधिक विद्राव्य क्षार असलेले पाणी गाभण व दुभत्या जनावरांस देऊ नये. त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची सोय आधी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी मिश्रणाची पिशवी हाती देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : गाय कोणते पाणी पिते आणि दूध किती देते? सावली व पोटभर पाणी यांची उणीव कोणतेही मिश्रण भरून काढीत नाही. ही व्यवस्था आधी झाली, तरच क्षारांवर खर्च केलेला पैसा दुधाच्या रूपाने परत येईल.