नितळ पाणी, निर्मळ पाणी

पाणी नितळ दिसले की ते निर्मळच असणार, ही आपल्या घराघरांतील समजूत किती फसवी आहे, हे दिल्लीच्या उदाहरणावरून ध्यानी यावे. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे, शहरासाठी पाणी उचलण्याच्या जागी येऊन मिळाले. तुरटी व क्लोरीन यांची मात्रा तत्काळ वाढविण्यात आली. त्यामुळे विषमज्वर वा आमांश बळावला नाही. परंतु डिसेंबर व जानेवारीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांना ती विशेष घातक ठरली. इतर रोगजंतू मेले, हा विषाणू मात्र तगला. त्या काविळीस आज हेपॅटायटिस-ई म्हणतात.

तेव्हा क्लोरीन हा स्वच्छतेस पर्याय नव्हे, असे आम्हांस वाटते. नळाची वाहिनी गटारातून जात असेल, तर पाणी बंद असताना गळक्या सांध्यांतून मैला आत शिरतो. वाचकांनी आपल्या गल्लीतील अशी जागा हेरून नगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी. फडक्याने गाळ अडतो, रोग अडत नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्यावे.