घोडागाडी नको, सभा हवी

‘आमिश लोक टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहेत’ या वाक्याचा मला आता वीट आलाय. आमच्या ऑफिसात कुणी रविवारी फोन बंद ठेवला, की सोमवारी त्याला ‘काय रे, आमिश झालास का?’ असं विचारतात. हसणारे सगळे इंजिनिअर. एखादं यंत्र घ्यावं की नाही, घेतलं तर कुठे ठेवावं, कशावर चालवावं यावर आमिशांइतका बारीक विचार करणारी माणसं आमच्या धंद्यात क्वचितच भेटतात, आणि आम्हीच त्यांना हसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा ख्रिश्चनांचा एक छोटा पंथ. 1693 मध्ये स्वित्झर्लंड आणि अल्सासच्या भागात याकोब अम्मान या धर्मोपदेशकाच्या मागे तो वेगळा झाला, अठराव्या शतकात अमेरिकेत येऊ लागला. आज तिथे सुमारे 4 लाख आमिश आहेत. घोडागाडी, साधे कपडे, घरात टीव्ही नाही, इथवर सगळं रील्समधून माहीत असतं.

रील्समध्ये येत नाही ते पुढे. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत आमिश शेतकऱ्याकडे दूध थंड ठेवायची टाकी असते, डिझेल इंजिनाच्या जोरावर चालणारी. सुताराच्या शेडमधली यंत्रं दाबलेल्या हवेवर चालतात; विजेची मोटर काढून तिथे हवेवर फिरणारी बसवलेली असते. (हे जुगाड कुणी आपल्याकडे केलं असतं तर त्याचे व्हिडिओ आपणच फॉरवर्ड केले असते.) बॅटरी चालते, बऱ्याच ठिकाणी सोलर पॅनलही चालतं. चालत नाही ती कंपनीकडून घरात येणारी विजेची तार. एकदा तार आली की तिला पुढे काय काय जोडलं जाईल यावर कुणाचा ताबा राहत नाही, असा त्यांचा हिशेब. फोनचंही तसंच. तो घरात नको म्हणून शेताच्या कडेला एक लाकडी खोपटं, त्यात फोन, काही घरांत मिळून एक. जायचं, बोलायचं, परत यायचं. घरात फोन घ्यावा का, यावरून 1910 च्या सुमारास लँकेस्टरच्या आमिशांत मोठा वाद झाला आणि तिथल्या फुटीचं ते एक कारण ठरलं.

हे ठरतं कसं? साधारण 20 ते 40 कुटुंबांची एक मंडळी असते. तिच्या नियमांना ‘ओर्डनुंग’ म्हणतात. वर्षातून दोनदा, पवित्र भोजनाच्या विधीआधी सभा भरते आणि बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्यांना विचारलं जातं: हे नियम मान्य आहेत का? काही ठिकाणी नवी वस्तू आधी थोडा काळ वापरून बघू देतात, मग ठरवतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन मंडळ्यांचे नियम वेगळे असू शकतात. वस्तू चांगली की वाईट यापेक्षा, तिच्यामुळे माणसं एकमेकांकडे येणं वाढेल की कमी होईल, हा तिथला मुख्य प्रश्न असतो.

आमच्याकडे हा प्रश्न कुठल्या मीटिंगमध्ये विचारतात? मी सहा वर्षं कोड लिहितोय. फीचर किती वेळात लोड होतं, किती लोक बटण दाबतात, किती परत येतात, सगळं मोजतो. बटण दाबणाऱ्याच्या घरातल्या उरलेल्या माणसांचं काय होतं, याचा कॉलम त्या शीटमध्ये नसतो. त्यावर ठरलेलं उत्तर असतं: ज्याला नको त्याने वापरू नये. हे उत्तर खोटं आहे. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, पोराच्या शाळेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ऑन-कॉलच्या आठवड्यात माझा फोन उशाशी नसेल तर नोकरीवर प्रश्न येतो. एकट्याने ‘नको’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही. फोन सगळ्या शेजाराला बदलतो, म्हणून निर्णयही शेजाराने मिळून घ्यायचा, हे त्या शेतकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. पैसे भरून ‘डिजिटल डिटॉक्स’ला जाणारे आणि तिथून परतल्यावर त्याचे फोटो टाकणारे. त्यांना आमिश म्हणजे स्वर्ग वाटतो. माझी धाकटी बहीण फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतेय. त्या स्वर्गात तिची शाळा आठवीला संपली असती. 1972 मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आमिश आईबापांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढायची मुभा दिली. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तेव्हा वेगळं मत नोंदवलं: आईबापांचं ऐकलं, पण मुलांना कुणी विचारलं का? शिवाय बाप्तिस्म्यानंतर नियम मोडून अडून बसणाऱ्याला वाळीत टाकतात, आणि धर्मगुरू फक्त पुरुष होतात. वाळीत टाकणं म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्याविरुद्ध आपल्याला 2016 मध्ये कायदा करावा लागलाय.

म्हणूनच ‘समाजाने मिळून ठरवलं’ एवढ्याने माझं समाधान होत नाही. 2019 मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या काही पुढाऱ्यांनीही ठरवलं होतं, लग्न न झालेल्या मुलींनी मोबाइल वापरायचा नाही. ठरवणारे एक, पाळणाऱ्या दुसऱ्या. याउलट 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. पोरांना अभ्यासाला बसवायचं म्हणून थोरांनीही सीरियल सोडायची. मला यातलं दुसरं हवंय, आणि तेही शहरात.

शहरात सभा नसते असं कुणी म्हणू नका. पुण्यात आमच्या सोसायटीत 180 फ्लॅट आहेत, आणि दर सप्टेंबरला वार्षिक सर्वसाधारण सभा होते. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत पार्किंगवर पावणेदोन तास भांडण झालं. गेटवरचं अ‍ॅप मात्र ‘विविध विषयां’त दोन मिनिटांत पास झालं. आता घरकामाच्या मावशी कितीला आत आल्या, कितीला बाहेर गेल्या, ते 180 घरांना दिसतं. त्यांना स्टार देता येतात. आमच्या मावशींना एका घराने दोन स्टार दिले, त्यानंतर नवीन काम मिळेना. कुणी दिले, का दिले, विचारायची सोय नाही. स्वतः मावशींना ते अ‍ॅप उघडताही येत नाही. पूर्वी तक्रार असली की दारात उभं राहून बोलावं लागायचं. मावशीही दोन शब्द सुनावायच्या.

येत्या सभेसाठी मी सेक्रेटरींना लेखी विषय दिलाय. स्टार बंद करावेत. यापुढे कुठलंही अ‍ॅप आधी तीन महिने चाचणीवर घ्यावं. आणि ते कायम करण्याआधी ज्यांची नोंद त्यात होते, त्या मावशींना, वॉचमनला, ड्रायव्हरला सभेत बोलू द्यावं. ‘ते सभासद नाहीत’, असं सेक्रेटरी म्हणाले. नाहीत, पण अ‍ॅपमध्ये आहेत, असं मी म्हणालो. पार्किंगनंतर बघू, असं त्यांनी सांगितलंय. मी पार्किंग संपेपर्यंत बसणार आहे.