नाकारलेल्या अर्जाचे पुढे काय?

२०२५च्या सप्टेंबरात मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपच्या अर्जांची मुदत संपली, तेव्हा युरोपीय आयोगाकडे १७,०५८ अर्ज जमा झाले होते. आदल्या वर्षी आले होते १०,३६० आणि त्यांतून निवड झाली होती १,६९६ जणांची. म्हणजे गर्दी कमी होती त्या वर्षीसुद्धा सहांपैकी पाच जणांना नकार मिळाला. या योजनेतल्या युरोपीय फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या किंवा पणजीतल्या संशोधकालाही याच रांगेत उभे राहता येते.

संशोधनासाठी पैसा मागायचा तर नकार हीच नेहमीची गोष्ट आणि होकार हा अपवाद. तरी आपल्या विभागांमध्ये बोलणे होते ते फक्त होकाराचे. फेलोशिप मिळाली की सत्कार होतो, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फोटो लागतो. नाकारलेला अर्ज मात्र लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये पडून राहतो, अनेकदा कायमचा. परीक्षकांचे शेरे गाईडला दाखवले जात नाहीत, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तर त्यांचा पत्ताही नसतो. हे नुकसान किती मोठे आहे ते दाखवणारे चांगले संशोधन गेल्या काही वर्षांत झाले आहे आणि संशोधकांनीच ते वाचलेले नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

नेदरलँड्समध्ये पीएचडीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करणाऱ्या तरुण संशोधकांसाठी ‘वेनी’ नावाचे अनुदान आहे. थाइस बोल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या अनुदानाच्या अर्जदारांचा मागोवा घेतला आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी तुलना केली ती निवडीच्या रेषेच्या अगदी जवळच्यांची: जे थोडक्यात आत आले त्यांची आणि जे थोडक्यात बाहेर राहिले त्यांची. गुणांत दोन्ही गट जवळपास सारखे. तरीही पुढच्या आठ वर्षांत आत आलेल्यांनी बाहेर राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळवला. पहिल्या यशाने दारे उघडतात, हे एक कारण झालेच. दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. बाहेर राहिलेल्यांपैकी अनेकांनी पुढे अर्ज करणेच कमी केले होते.

अमेरिकेतला अभ्यास याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग यांनी १९९० ते २००५ या काळात नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या ‘आर-०१’ अनुदानासाठी अर्ज केलेल्या नवोदितांची माहिती तपासली. थोडक्यात हुकलेल्यांपैकी दहात एकाहून थोडे अधिक जण या अनुदानाच्या वाटेवरून कायमचे दिसेनासे झाले. पण जे टिकून राहिले त्यांच्या पुढच्या दहा वर्षांतल्या शोधनिबंधांचा प्रभाव थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा जास्त निघाला. कच्चे उमेदवार गळाले म्हणून सरासरी वर गेली असेल, ही शंका अभ्यासकांनी स्वतःच घेतली होती. तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही, असे त्यांना आढळले.

दोन्ही निष्कर्ष रेषेजवळच्या अर्जांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. अर्जात मुळातच प्रश्न नसेल, तर तो दहा वेळा पाठवूनही उपयोग नाही. पण आपला अर्ज रेषेच्या किती जवळ होता, हे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण गुणपत्रक उघडण्याआधीच मन बंद होते. मेरी क्युरी योजनेत २०२५च्या नियमांनुसार ७० टक्क्यांहून कमी गुण मिळाले, तर त्याच यजमान संस्थेबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही. ८५ टक्क्यांच्या पुढे जाऊनही निधी हुकला, तर ‘सील ऑफ एक्सलन्स’ मिळते आणि युरोपातले काही देश त्या आधारावर स्वतःच्या तिजोरीतून पैसे देतात. ६५ आणि ८६ या दोन्ही आकड्यांना ‘झाले नाही’ असे एकच नाव देणारा अर्जदार स्वतःवर अन्याय करतो.

परीक्षकांचा निर्णय म्हणजे अंतिम सत्य, हा समजही सोडायला हवा. २०१८ सालीच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात ४३ परीक्षकांना अमेरिकेतले २५ जुने अर्ज वाचायला दिले गेले. एकाच अर्जाबद्दल त्यांच्या मतांत मेळ असा दिसलाच नाही. गुणांचे सोडा, अर्जातली बलस्थाने कोणती आणि उणिवा कोणत्या यावरही एकमत नव्हते. न्यूझीलंडची हेल्थ रिसर्च कौन्सिल २०१३पासून एका योजनेत पात्र ठरलेल्या अर्जांतून सरळ चिठ्ठ्या काढते. ब्रिटिश अकादमीनेही २०२२मध्ये छोट्या अनुदानांसाठी तसाच प्रयोग सुरू केला. अनुदान देणाऱ्यांनाच निवडीतला योगायोग मान्य असेल, तर एका नकारावरून स्वतःची लायकी ठरवून मोकळे होण्याचे कारण नाही.

मात्र पुन्हा अर्ज करायला हाताशी वेळ असावा लागतो आणि आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला सर्वसाधारण गटासाठी ३५ वर्षांची मर्यादा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत मिळते. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप दरमहा सव्वा लाख रुपये आणि वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान पाच वर्षे देते, पण तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ची आहे. जर्मनीची हम्बोल्ट फाउंडेशन पोस्टडॉक गटासाठी वय विचारत नाही, पीएचडीनंतरची चार वर्षे मोजते. फुलब्राइट-नेहरूचा हिशेबही चार वर्षांचा. मेरी क्युरीचा आठ.

महाराष्ट्रातला सामान्य पीएचडीधारक या चौकटीत कुठे बसतो? एमएस्सीनंतर नेट-सेट, मग तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत शिकवणे, त्यातून वेळ काढून प्रयोगशाळा, प्रबंध जमा केल्यावर बाह्य परीक्षकांच्या अहवालांची महिनोन्महिने वाट पाहणे आणि मग मौखिक परीक्षा. पदवी हातात पडते तेव्हा पस्तिशी जवळ आलेली असते. पदवीचे नोटिफिकेशन मिळाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्याकडे एकाच प्रयत्नापुरता वेळ उरतो आणि या स्पर्धेत एक प्रयत्न पुरत नाही. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला प्रबंध सादर केलेल्या पण पदवी न मिळालेल्या उमेदवारालाही अर्ज करता येतो, ही तरतूद विभागातल्या प्रत्येक शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. पहिल्या अर्जाचा आराखडा प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासोबतच तयार व्हावा. गाईडनेही ते काम प्रबंधाइतकेच आपले मानावे.

यजमान शोधण्याचे कामही तेव्हाच सुरू व्हायला हवे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून थिन फिल्मवर पीएचडी करून दक्षिण कोरियात पोस्टडॉकला जाणाऱ्यांची एक वाट पडली आहे. आधी गेलेले सीनियर पुढच्याला प्राध्यापकाचे नाव सांगतात, प्रयोगशाळेत कोणते उपकरण आहे आणि कोणत्या कौशल्याची गरज आहे तेही सांगतात. या वाटेचे मोल मोठे आहे. तिच्या जोरावर लहान गावांतली मुले नामांकित प्रयोगशाळांत पोचली. पण प्राध्यापकाच्या प्रकल्पातून पगार घेणे वेगळे आणि स्वतःच्या नावाची फेलोशिप मिळवणे वेगळे. पहिल्यात प्रश्न यजमानाचा असतो, दुसऱ्यात स्वतःचा. उद्या स्वतंत्र प्रयोगशाळा मागायला गेल्यावर निवड समिती हाच फरक शोधते. म्हणून सीनियरकडून प्राध्यापकाचे नाव जरूर घ्यावे, पण पहिल्या पत्रात त्या प्राध्यापकाच्या अलीकडच्या एखाद्या निबंधातला अपुरा राहिलेला धागा आणि तो पुढे नेण्याची आपली कल्पना, एवढे चार-पाच ओळींत लिहावे. पन्नास जणांना एकच मजकूर धाडणाऱ्याला उत्तर येत नाही आणि येऊही नये.

अर्ज लिहिताना आपल्याकडे सगळा जोर विज्ञानावर पडतो. मेरी क्युरीच्या मूल्यमापनात वैज्ञानिक गुणवत्तेला ५० टक्के भार आहे, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २०. दहा पानांच्या मजकुरातली नऊ पाने पार्श्वभूमी आणि पद्धतीत खर्च करून शेवटच्या पानावर ‘अपेक्षित फलित’ उरकणारा अर्जदार अर्ध्या गुणांवर आधीच पाणी सोडतो. ठरलेला स्फटिक वाढलाच नाही तर काय? नमुने पावसाळ्यात गोळा करता आले नाहीत तर? नवव्या महिन्यात काय हाती असेल? परीक्षक हे प्रश्न विचारणार आणि उत्तरे कागदावर शोधणार. शिवाय परीक्षक बहुधा नेमक्या आपल्या उपविषयातला नसतो. पहिल्या अर्ध्या पानात प्रश्न काय आहे, तो आजवर का सुटला नाही आणि तो सोडवायला हीच व्यक्ती का, हे त्याला समजले नाही, तर पुढची पाने तो मन लावून वाचेल ही अपेक्षा फोल आहे.

हे सगळे शिकता येते. पण शिकवणार कोण? विद्यापीठ अनुदान आयोगाचे मायनर आणि मेजर रिसर्च प्रोजेक्ट चालू होते तोवर महाविद्यालयीन प्राध्यापकाला छोट्या रकमेचा का होईना, प्रस्ताव लिहिण्याचा सराव मिळत असे. पुणे विद्यापीठाच्या परिसरात ‘बीसीयूडी’चे, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाचे, अनुदान ही अनेकांची पहिली शाळा होती. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर आयोगाच्या प्रकल्पांची ती वाट बंद झाली. आता शहादा किंवा देवरुखच्या प्राध्यापकाने आयुष्यातला पहिला प्रस्ताव थेट राष्ट्रीय स्पर्धेत उतरवावा, अशी अपेक्षा आहे.

राष्ट्रीय चौकटही बदलते आहे. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आणि आधीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे ‘सर्ब’, त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा जाहीर झाला, त्यांतले १४,००० कोटी केंद्र सरकारचे आणि उरलेले उद्योग व अन्य स्रोतांतून यायचे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. उद्योग व अन्य स्रोतांचे ३६,००० कोटी प्रत्यक्षात आले, तरच या आकड्याला काही हलवता येईल. ते आणण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि तिचा पाठपुरावा वैज्ञानिक संघटनांनी करायला हवा. २०२५च्या जूनमध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल झाले आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, हे स्वागतार्ह आहे. पण आदल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही की पुढचा हप्ता अडकतो, आणि प्रमाणपत्रावर सही करणारे लेखा विभाग संशोधकाच्या हातात नसतात. फेलोचे सहा महिने अशा कागदामुळे वाया जात असतील, तर त्याची जबाबदारी कुलसचिवांनी घेतली पाहिजे.

मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची आहे. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव स्वीकारते, म्हणजे लोककला, तमाशा, दशावतार किंवा मराठी नियतकालिकांवर काम करणाऱ्याला मराठीतच लिहून पाठवता येते. न्यू इंडिया फाउंडेशनच्या अनुवाद फेलोशिपच्या भाषांत मराठी आहे. इंग्रजीच्या धास्तीने थांबलेल्यांपर्यंत ही माहिती पोचवणे हे मराठी विभागांचे काम आहे.

ऑस्ट्रेलियात २०१२च्या एका फेरीत वैद्यकीय संशोधनासाठी ३,७२७ प्रस्ताव तयार झाले. त्यासाठी संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षांची मेहनत खर्ची पडली, असा हिशेब एड्रियन बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. यशाचे प्रमाण पाचात एक. उरलेल्या चार अर्जांमधली मेहनत वाया जायची की पुढच्या अर्जदाराच्या कामी यायची, हे संस्थेच्या हातात असते. त्यासाठी निधी लागत नाही. महिन्यातून एका दुपारी विभागातला एक अर्ज, पाठवण्यापूर्वी, तिघांनी वाचावा आणि त्यांतला एक वाचक दुसऱ्या विषयातला असावा. मुलाखतीची तालीम घ्यावी. विभागातल्या एका कपाटात किंवा सामायिक ड्राइव्हवर, अर्जदाराच्या संमतीने, मंजूर आणि नामंजूर दोन्ही प्रकारचे अर्ज परीक्षकांच्या शेऱ्यांसह ठेवावेत. कल्पना चोरीला जाईल ही भीती असणाऱ्याने दोन वर्षांनी ठेवावा, पण ठेवावा. पहिल्यांदा प्रस्ताव लिहायला बसलेल्याला यशस्वी अर्जापेक्षा शेऱ्यांसकट नाकारलेला अर्ज आणि त्याच अर्जाची सुधारून मंजूर झालेली पुढची आवृत्ती अधिक शिकवते.

या मासिकाच्या वाचकांत विभागप्रमुख आहेत, गाईड आहेत, नुकतीच पीएचडी संपवलेले आहेत. विभागप्रमुखांनी ते कपाट या शैक्षणिक वर्षातच सुरू करावे, अशी आमची विनंती आहे. त्यात पहिला अर्ज गाईडने स्वतःचा ठेवावा, आणि तो नाकारला गेलेला असावा.