लूप वाईट नाही, लूपवर झोपी जाणं वाईट

मी जव्हार-मोखाडा भागात उर्दू आणि मराठी शिकवतो. संगीत माझा विषय नाही. तरी स्नेहसंमेलनाची गाणी ‘मिक्स’ करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, कारण लॅपटॉप माझ्याकडे आहे. मागच्या वेळी नववीच्या मुलांनी तारपा नाचासाठी ट्रॅक बनवून आणला. गावातल्याच एका म्हाताऱ्या तारपावादकाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग, त्यातला चार-पाच सेकंदांचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा चिकटवलेला, आणि खाली तयार पॅकमधला धडधडणारा बेस. साडेतीन मिनिटं तेच. टाळ्या भरपूर पडल्या. आजोबा तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. माइक माझ्या हातात होता, मीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षक खोलीत दोन तट पडले. एक म्हणाला, ‘संगणक आला आणि कला मेली. पोरांचे मोबाइल काढून घ्या.’ दुसरा म्हणाला, ‘सर, जमाना असाच आहे. रिमिक्स नसेल तर पोरं नाचणार नाहीत.’ मला दोघांशी भांडायचं आहे.

आधी पहिल्याशी. एकच ओळ खाली फिरत ठेवायची आणि तिच्यावर नवं रचायचं, हे संगणकाने शोधलेलं नाही. एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा चालतो. तीनतालाच्या १६ मात्रांची तीच ओळ तासभर फिरते आणि तिच्यावर तबलजी आपलं सगळं भांडार उघडतो. गझल शिकवताना मी हेच सांगतो. रदीफ प्रत्येक शेरात जशीच्या तशी येते, तरी प्रत्येक शेरात तिचा अर्थ नवा होतो. अभंगाचं ध्रुवपद घ्या, नाहीतर उरुसातली कव्वाली घ्या. युरोपात पाखेलबेलच्या प्रसिद्ध कॅननमध्ये खालच्या आठ सुरांची ओळ २८ वेळा येते. पुनरावृत्ती म्हणजे आळस असेल, तर हे सगळे आळशी ठरतात.

(संगीतच नको, असं मानणारे माझे काही वाचक आहेत. त्यांच्या मताचा मी आदर करतो. पण या लेखातला शेवटचा मुद्दा मेहनतान्याचा आणि हक्काचा आहे. तेवढा तरी त्यांनी वाचावा.)

आता दुसऱ्याशी. पोरं रिमिक्सवर नाचतात, कबूल. पण हे रिमिक्स मेलेलं का वाटतं? त्यात वर आणि खाली एकाच वेळी सुरू होतं आणि एकाच वेळी संपतं, म्हणून. सॉफ्टवेअर उघडलं की समोर चौकटी येतात. बहुतेक तयार लूप चार किंवा आठ बारचे असतात, तुकडा ओढला की तो आपोआप चौकटीच्या रेषेला चिकटतो. मग चाल तिथेच तुटते, आणि साडेतीन मिनिटांत पन्नास वेळा तुटते.

हेन्री पर्सेलचं ‘डिडो अँड ईनियस’ हे संगीतनाट्य १६८९ च्या सुमारास लंडनजवळ चेल्सीच्या एका मुलींच्या शाळेत झालं होतं. म्हणजे एका अर्थी शाळेचाच कार्यक्रम! त्यातल्या शेवटच्या विलापगीतात पाच बारची उतरती बेसची ओळ सतत फिरते. पण गाणारीची ओळ बेसच्या ओळीबरोबर संपत नाही. खालची ओळ नव्याने सुरू झालेली असते आणि वर आवाज अजून जुन्याच दुःखात असतो. तबलजीही कायदा आणि तिहाई आवर्तनाच्या पार नेतो, मग समेवर येतो. लेहरा ठाम असतो म्हणूनच त्याला हे करता येतं.

तारपा तर याचा घरचा धडा आहे. भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वादक दम न तोडता फुंकत राहतो. नाचणारे त्याच्याभोवती हात गुंफून फिरतात, आणि त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. चाल कधी बदलायची हे वादक समोरचे पाय बघून ठरवतो. आमच्या ट्रॅकमध्ये ठरवणारा माणूसच कापून टाकला होता. उरली फक्त फुंक.

म्हणून मुलांचे मोबाइल काढून घेऊ नका. त्यांना काम द्या. ऑडॅसिटी आणि एलएमएमएस फुकट मिळतात. तारप्याचं अख्खं वाजवणं रेकॉर्ड करा आणि ते कापू नका. तारप्याचे सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांवर नेमके बसतीलच असं नाही. तेव्हा तारपा ओढूनताणून बसवण्यापेक्षा बेसचा सूर काही सेंट वरखाली करून तारप्याला जुळवा. चौकटीला चिकटण्याची सोय बंद करा. बेसची ओळ स्वतः रचा, पाच किंवा सात बारची, म्हणजे ती तारप्याच्या वळणांना दर वेळी वेगळ्या जागी भेटेल. एवढं केलं की नववीचा मुलगा रचनाकार होतो. नाहीतर तो कात्री चालवणारा राहतो.

आणि शेवटचा मुद्दा. २०२६ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आणि त्याच आपण शेजारच्या वादकाची फुंक न विचारता उचलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला सादरकर्ता म्हणून हक्क आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३८ ब त्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क देतं. पण यासाठी कायदा कशाला हवा? माझ्या आईने शिकवलं होतं की मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी. फुंकणाऱ्यालाही घाम येतोच.

संमेलनानंतर मी आजोबांच्या घरी गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, ‘गुरुजी, नावाचं राहू द्या. पण पोरं तेच तेच का नाचत होती? मी तर पुढे वाजवलं होतं.’

पुढचं सगळं आम्ही कापून टाकलं होतं. यंदा ते रेकॉर्डिंग पूर्ण वाजेल, बेस त्याच्या मागून चालेल, आणि नाव मी स्वतः माइकवर घेईन. मानधनाची वर्गणी शिक्षक खोलीत सुरू केली आहे. दोन्ही तटांनी त्यात पैसे टाकावेत.