नर्सिंगची परीक्षा, आपली भीती आणि मेरिटचा हिशेब

नर्सिंगच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलींना एक सल्ला हमखास मिळतो: ‘टेन्शन घेऊ नकोस, कॉन्फिडन्स ठेव.’ कोचिंगचे सर देतात, सिनियर देतात, मोटिव्हेशनल व्हिडिओ देतात. भीती ही त्या मुलीच्या स्वभावातली उणीव आहे, असं या सल्ल्यात गृहीत धरलेलं असतं. मला ते मान्य नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधर मुलीला परीक्षेला बसताना जी धडधड होते, तिला सामाजिक कारणं आहेत. ती समजली तर तयारीची पद्धतही बदलता येते.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे आपली नोंदणी होते. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर व्हायचं तर नॉरसेट द्यावी लागते. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर लायसन्ससाठी एनक्लेक्स पास व्हावं लागतं. या दुसऱ्या परीक्षेची फी २०० डॉलर, भारतातल्या केंद्रावर द्यायची तर वर १५० डॉलर. कागदपत्रांच्या पडताळणीचा आणि इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा. नापास झालं तर किमान ४५ दिवस थांबायचं आणि पुन्हा फी भरायची.

माझी मावसबहीण एका खासगी रुग्णालयात नाईट ड्युटी करून ही तयारी करते आहे. फीसाठी मावशीने बचत गटातून कर्ज काढलंय. सराव परीक्षेत तिला चांगले मार्क पडतात, तरी तिने तारीख दोनदा पुढे ढकलली. घरात आधीच डॉक्टर-नर्स असलेल्या मुलीसाठी ही फक्त एक परीक्षा असते; जमली नाही तर पुन्हा देता येते. माझ्या बहिणीसाठी त्या निकालात आईचं कर्ज आहे, वस्तीतल्या लोकांच्या अपेक्षा आहेत आणि ‘कोट्यातून आलीस ना’ असं विचारणाऱ्या सहकारी बाईंना द्यायचं उत्तरही आहे. इतकं सगळं एका निकालावर लादल्यावर हात थंड पडणारच.

हे केवळ माझं मत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरची भूलभुलैया सोडवायला दिली होती आणि सोडवलेल्या प्रत्येक कोड्याचे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलं तशाच बुद्धीची, कोडी त्याच प्रकारची; बदललं होतं फक्त खोलीतलं वातावरण. विचार करण्यासाठी मेंदूत जी जागा लागते, ती ‘माझ्याबद्दल काय म्हणतील’ या काळजीने अडवली जाते. मेरिट मोजणाऱ्या परीक्षा ही अडवणूक मोजत नाहीत.

आता परीक्षेची रचना बघा. एनक्लेक्स संगणकावर होते आणि उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न ठरतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. तुम्हाला साधारण निम्मे प्रश्न जमतील अशाच पातळीवर यंत्रणा तुम्हाला ठेवते. म्हणजे उत्तम तयारी असलेल्या नर्सलाही आपण नापास होतोय असंच वाटत राहणार. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, पाच तास. तुम्ही पातळीच्या वर की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की पेपर मध्येच बंद पडू शकतो. ८५व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली म्हणजे संपलं, असं नसतं; पास होणाऱ्यांचीही तिथे बंद होते. आयुष्यभर ‘पेपर सोपा गेला म्हणजे पास’ असं शिकलेल्या मुलीला हे आधी कुणी समजावून सांगितलं नसेल, तर विसाव्या प्रश्नाला ती मनाने हॉलबाहेर पडलेली असते. सुशिक्षित घरांत अशी माहिती जेवताना सहज कानावर पडते. आपल्याकडे ती क्लासची फी भरून मिळवावी लागते.

याहून खोल अडचण प्रश्नांच्या आत आहे. एनक्लेक्समध्ये नर्सने स्वतः निर्णय घेणं अपेक्षित असतं. औषधाचा डोस शंकास्पद वाटला तर तो न देता डॉक्टरला विचारायचं, कोणता रुग्ण आधी बघायचा ते ठरवायचं, कोणतं काम मदतनिसाकडे सोपवायचं ते सांगायचं. आपल्या वॉर्डात नर्सने ‘येस सर’ म्हणायचं असतं. त्यात दलित-आदिवासी मुलीला घरापासून शाळेपर्यंत ‘उलट बोलू नको’ हेच शिकवलेलं. डॉक्टरला प्रश्न विचारण्याचा पर्याय तिला उद्धट वाटतो आणि ती तो खोडून टाकते. काम सोपवण्याच्या प्रश्नातही ती अडखळते. ज्या आयाबाई, वॉर्डबॉयकडे काम सोपवायचं, ते पुष्कळदा तिच्याच वस्तीतले, तिच्या आईच्या वयाचे असतात. उत्तर चुकतं तेव्हा तिला वाटतं आपला अभ्यास कच्चा आहे. खरं तर अधिकार वापरण्याचा सराव तिला कुणी करूच दिलेला नसतो.

रक्त, मलमूत्र, बाळंतपण ही कामं सवर्ण समाजाने विटाळाची मानली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायांवर ढकलली. ज्या कामासाठी त्या बायांना शिवूनही घेत नव्हते, त्याच कामाचं ज्ञान आता परीक्षा आणि परवान्यामागे बंद आहे, आणि तिथे पोचायला आपल्यालाच जास्त किंमत मोजावी लागते. सावित्रीबाई १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. शुश्रूषेचा तो वारसा आपलाही आहे. ‘मी इथे शोभते का’ हा प्रश्न आपण मनातून काढून टाकायला हवा.

करायचं काय? काही गोष्टी आपल्या हातात आहेत. नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात, म्हणून घाबरलेल्या मुली प्रश्न कोरे सोडतात. हिशेब करा: चार पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिलं तर सरासरी नफा-तोटा शून्य. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं, तर उरलेल्या तिघांतून अंदाज लावणं सरासरीने फायद्याचंच ठरतं. नुसतं वाचत बसण्यापेक्षा प्रश्न सोडवा, तेही घड्याळ लावून आणि परीक्षा ज्या वेळी असेल त्याच वेळी. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, असं जेरार्डो रामिरेझ आणि सायन बेलॉक यांच्या २०११च्या संशोधनात दिसलं. नाईट ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नका. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. आजारी माणसाने डॉक्टरकडे जावं, हे नर्सला वेगळं सांगायला नको.

पण हे सगळं एकटीने करायचं असेल तर पुन्हा भार तिच्यावरच पडतो. वस्तीतल्या विहारांत, समाजमंदिरांत अभ्यासिका चालतात. तिथे एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी नर्सिंगची पुस्तकं का नसावीत? पास झालेल्या मुलींनी आठवड्यातून एक तास फोनवर दिला, तर क्लासला विकत घ्यावी लागणारी माहिती फुकट मिळेल. सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएचडीसाठी आहे. लायसन्सच्या परीक्षेचा खर्च उचलणारी तशीच योजना मागणं आपला हक्क आहे. नर्सिंग कॉलेजांनी डॉक्टरला शंका विचारण्याचा, काम सोपवण्याचा सराव अभ्यासक्रमाच्या तासात करून घ्यावा. त्याचा फायदा परीक्षेपुरता नाही, रुग्णाचाही जीव त्याने वाचतो.

माझ्या बहिणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिला मी कॉन्फिडन्स ठेव म्हणणार नाही. मावशीच्या कर्जाचे पुढचे दोन हप्ते आम्ही भावंडं भरतोय, एवढं तिला सांगितलंय. निकाल काहीही लागो, ते हप्ते भरले जातील.