पगार नसलेला परदेश

परदेशी जाणं आपल्या समाजाला नवं नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांत असं घर शोधावं लागेल, ज्यातलं कुणीच कधी आखातात गेलेलं नाही. व्हिसा आला की बॅगा भरल्या जातात, नातेवाईक दुआ देतात आणि हा का चालला, असं कुणी विचारत नाही. पैसा मिळणार, एवढं उत्तर पुरतं.

पण त्याच घरातली नर्सिंग शिकलेली मुलगी म्हणाली, "मी वर्षभर स्वयंसेवक म्हणून परदेशात जाते," तर? पहिला प्रश्न ठरलेला : पगार किती? फक्त राहण्या-खाण्यापुरता भत्ता, असं कळलं की दुसरा प्रश्न : मग इथले गरीब संपले का?

हा दुसरा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण डिसेंबर 1912 मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी वैद्यकीय पथक घेऊन बाल्कन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानला निघाले, तेव्हा हिंदुस्थानात गरिबी कमी नव्हती. त्या पथकात अलीगढला शिकणारी मुलंही होती. सप्टेंबर 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला पाठवले, तेव्हाही नव्हती. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते परत आलेच नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, ते तिथेच वारले. त्यांची हकीकत पुस्तकातून घरोघर पोहोचवणारे लेखक होते ख्वाजा अहमद अब्बास. अन्सारी परत आले आणि पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले, जामिया मिल्लियाच्या संस्थापकांपैकी एक झाले. बाहेर केलेल्या सेवेने घरचं काम मागे पडलं, असं कोण म्हणेल?

आज रस्ता तेवढा बिकट नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. निवड झालेल्याला निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो, कामाची मुदत आधीच ठरते. म्हणजे मुलगी कुठे, कुणाच्या हाताखाली, किती दिवस राहणार, हे घरच्यांना कागदावर पाहता येतं. आखातात एजंटाच्या भरवशावर गेलेल्या किती जणांना एवढं तरी ठाऊक होतं?

मात्र "स्वयंसेवा" असा फलक लावलेलं प्रत्येक दुकान सेवेचं नसतं. काही कंपन्या जाणाऱ्याकडूनच भरपूर पैसे घेतात आणि दोन आठवडे अनाथालयात मुलांशी खेळायला पाठवतात. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफने दाखवून दिलं आहे. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून मुलं घरापासून तोडली जातात. म्हणून निघण्याआधी स्वतःला विचारावं : माझ्या हातात कोणतं कौशल्य आहे? तिथल्या लोकांनी ते मागितलं आहे का? तिथला माणूस जे काम करू शकतो, त्याची रोजी तर मी हिरावत नाही ना?

आणखी एक गोष्ट तरुणांना सांगायला हवी. सेवेचा खर्च फक्त जाणारा सोसत नाही. तो गेल्यावर अब्बांना डायलिसिसला कोण नेणार? घराचा हप्ता कोण भरणार? बहुतेक वेळा एखादी बहीण किंवा धाकटा भाऊ हे निमूटपणे उचलतो. त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. म्हणून तिकीट काढून मग घरी कळवणं बरोबर नाही. आधी बसून बोलावं, कोण काय करणार ते ठरवावं, आणि घरात खरोखर दुसरं कुणी नसेल तर जाणं पुढे ढकलावं. त्यात कमीपणा नाही.

पण घरच्यांनीही नकाराचं खरं कारण सांगावं. अब्बा आजारी आहेत, हे कारण आहे. "लोक काय म्हणतील" आणि "मुलीचं लग्न राहील" ही कारणं नव्हेत. दुबईच्या नोकरीसाठी पंचवीस वर्षं बाप घराबाहेर राहिलेला ज्या समाजाला चालतो, त्याला मुलीचं सेवेसाठी गेलेलं एक वर्ष जड का व्हावं?

पैशासाठी जाणाऱ्याला आपण दुआ देतो, ती द्यायलाच हवी. पगाराविना जाणाऱ्यालाही ती तितक्याच मोकळ्या मनाने द्यावी, एवढंच म्हणणं आहे.