घटस्फोट नसलेले गाव

आमच्या वसईच्या पट्ट्यातील सभासंमेलनांत एक वाक्य हमखास कानी पडते. वक्ता घसा साफ करतो आणि अभिमानाने सांगतो, 'आपल्या समाजात घटस्फोट नाहीत.' टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणाऱ्यांत अशीही जोडपी असतात, की जी दहा-दहा वर्षे एकमेकांशी केवळ मुलांच्या तोंडून बोलत आली आहेत. 'बापाला सांग, जेवण वाढलंय.' 'आईला सांग, भूक नाही.' रविवारी मात्र हीच दोघे एका बाकावर बसून मिस्सा ऐकतात, आणि लग्नाला पंचवीस वर्षे झाली की याच जोडप्याला आपण हार घालतो.

आमची गावे या बाबतीत मोठी तऱ्हेवाईक! कोण ओटीवर एकटा झोपतो, कुणाच्या घरी मध्यरात्री भांडी आपटतात, कोणती सून वारंवार माहेरी का जाते, हे साऱ्या आळीला ठाऊक असते. (हे आम्ही पापनिवेदनाच्या पेटीतून सांगत नाही, ओट्यावर घटकाभर बसणाऱ्या कुणालाही ते कळेल.) परंतु लग्नापूर्वी चर्चमध्ये नावे पुकारली जातात आणि काही अडथळा माहीत असल्यास कळवा म्हणून विनंती केली जाते, तेव्हा तीच आळी मुकी होते. वराची बाटली कुणाला आठवत नाही. दोन वर्षांनी मुलगी सुजलेल्या चेहऱ्याने परतली, की मात्र जो तो म्हणतो, 'आम्हांला आधीच ठाऊक होतं.' दारूचे व्यसन हा धर्मनियमांच्या काटेकोर अर्थाने विवाहातील अडथळा नव्हे, हे खरे. पण मुलीच्या बापाच्या कानावर ते घालायला कोणत्या नियमाची आडकाठी होती?

आणि शिक्षा होते ती कुणाला? परत आलेल्या मुलीला. शेजारच्या लग्नाचे आमंत्रण तिच्या आईवडिलांना येते, तिला येत नाही. तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळ मोडते. शनिवारी रात्री तिच्यावर उगारलेला हात मात्र सणाच्या मिरवणुकीत छत्राची दांडी धरतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात शास्त्री-परुशी एका स्त्रीला व्यभिचारात धरून प्रभूपुढे उभी करतात. लेवीयच्या पुस्तकात शिक्षा दोघांनाही सांगितली होती. मग तो पुरुष कुठे होता? तो त्या गर्दीत दगड घेऊन उभा नव्हता ना, अशी शंका आम्हांला आमची गावे पाहून येते.

हल्ली या असंतोषाचे खापर नोकरी करणाऱ्या स्त्रियांवर फोडण्याची रीत पडली आहे. सकाळची चर्चगेट लोकल पकडून मुंबईला जाणारी सून पगार घेऊन आली आणि घरे बिघडली, असे म्हणतात. पण पगार नव्हता तेव्हा तिची आजी सुखी होती काय? ती गप्प होती. मौनाला सुख समजण्याची चूक ज्यांच्या सोयीची होती, त्यांनाच आज आवाज सहन होत नाही.

'देवाने जोडले ते माणसाने तोडू नये' हे सर्वांस पाठ आहे, आणि ते आमचेही श्रद्धावचन आहे. परंतु १९८३ च्या धर्मनियमसंहितेचे ११५३ वे कलम किती जणांनी ऐकले आहे? पती वा पत्नीमुळे जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा मनाला गंभीर धोका असेल, तर स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या निर्णयाने, आणि विलंबात धोका असेल तर स्वतःहूनही, वेगळे राहण्याचा अधिकार ते देते. विवाहबंधन कायम राहते. मार मात्र खावा लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील आपल्या बोधपत्रात असे वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे स्पष्ट केले. म्हणजे ज्या चर्चच्या नावाने आपण मुलीला परत पाठवितो, ते चर्च तिला परत पाठवीत नाही. परत पाठविते ती आपली अब्रू.

देशाच्या कायद्याचीही कथा अशीच. १८६९ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ती विषमता घटनाबाह्य ठरविली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षे हा अन्याय चालला, पण त्याविरुद्ध आमच्या ओट्यांवर कधी आवाज उठल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेथे चर्चा चाले ती कोणाची सून उशिरा घरी येते याची.

आम्ही घटस्फोटाची वकिली करीत नाही. भांडण झाले की निघून जावे, असेही म्हणत नाही. समेट घडावा म्हणून धर्मगुरूने, घरच्या वडीलधाऱ्यांनी रात्री जागवाव्यात. आमचे मागणे छोटे आहे. विवाहपूर्व वर्गात हॉल, बँड आणि जेवणावळीच्या गप्पांआधी ते ११५३ वे कलम वधूवरांना आणि त्यांच्या आईवडिलांना मराठीत वाचून दाखवावे. यावर 'मुलींना आधीच पळायला शिकवता काय?' असे विचारणारे निघतील. त्यांच्या घरी आम्ही आवर्जून जाऊ, आणि त्यांच्या सुनेशी, सासूसासरे बाहेर बसले असताना, थोडा वेळ बोलू.